बलोपासनेतील सबुरी

पहाटेचे पाच वाजलेले असतात. पूर्वेकडे अजून पुरते फटफटलेले नसते. अशा वेळी लोहारद्याबाहेरील डांबरी रस्त्यावरून पावलांचा आवाज येऊ लागतो. सात-आठ तरुण, कोणी बुटांनिशी तर कोणी अनवाणी, धापा टाकीत आमच्या दारावरून जातात. कोणास सैन्यात जावयाचे असते, कोणास पोलिसांत. अग्निवीरांच्या भरतीत १.६ किलोमीटर अंतर साडेपाच मिनिटांच्या आत कापणाऱ्यास धावण्याचे पूर्ण ६० गुण मिळतात, हे त्यांतील प्रत्येकास मुखोद्गत असते. शेतकऱ्याच्या घरी त्या साडेपाच मिनिटांवर किती जणांच्या आशा टांगलेल्या असतात, हे आम्ही शिक्षक जाणून आहो.

दोन वर्षांपूर्वी या मेळ्यात आमचा एक माजी विद्यार्थी होता. भरतीस अडीच महिने उरले असता त्याने धावण्यास प्रारंभ केला. पहिल्या आठवड्यात तो रोज दोन किलोमीटर धावे. चौथ्या आठवड्यात आठ किलोमीटर धावू लागला. एके दिवशी शाळेच्या फाटकापाशी थांबून तो आम्हांस म्हणाला, "सर, नडगीवर एका जागी बोट ठेवले की फार दुखते." आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. वीररसाची कविता वर्गात रंगवून सांगण्याची सवय जडलेली. "दुखण्याकडे पाहत बसणारा कधी शिपाई झाला आहे काय?" असे म्हणून आम्ही त्याच्या पाठीवर थाप मारली. तो हसत निघून गेला. पुढे तीन आठवड्यांनी क्ष-किरणांच्या चित्रात त्याच्या नडगीचे हाड चिरल्याचे दिसून आले. भरतीच्या दिवशी तो घरच्या ओसरीवर बाजेवर बसून होता.

त्या मुलाची चूक एवढीच, की त्याने घाई केली. आमची चूक अधिक मोठी. त्याचे शरीर जे सांगत होते ते आम्ही त्यास ऐकू दिले नाही. त्या दिवसापासून या विषयावर आम्ही जे वाचले, जाणत्या डॉक्टरांस आणि व्यायामशिक्षकांस जे विचारले, त्याचे सार विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या आईवडिलांपुढे ठेवावे, याकरिता हा लेख आहे. व्यायामापासून कोणास परावृत्त करावे असा यात मुळीच हेतू नाही. पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीच्या हालचाली कराव्या आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. व्यायाम न करणे हाच मोठा धोका आहे. परंतु व्यायाम कसा करावा हे न जाणणे, हाही धोकाच होय.

प्रथम दुखापत म्हणजे काय ते पाहू. दुखापतीचे स्थूलमानाने दोन प्रकार होतात. पहिला प्रकार अकस्मात घडणारा : कबड्डीत घोटा मुरगळला, मल्लखांबावरून हात सुटला, झेल घेताना बोट दुखावले. ही दुखापत सर्वांस दिसते आणि तिची धावपळही होते. दुसरा प्रकार मुकाट्याने येणारा. तो एका दिवसात घडत नाही. पेलवेल त्याहून थोडा अधिक भार रोज पडत जातो, आणि एके दिवशी शरीर हिशेब मागते. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांस नडते ती बहुधा ही दुसरी दुखापत.

या दुसऱ्या प्रकाराचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. सन १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या डॉक्टरांनी एक गोष्ट नोंदवून ठेवली. लांबच लांब कवायत करणाऱ्या शिपायांचे पाऊल सुजे आणि दुखे. परंतु ते कोठे पडलेले नसत वा त्यांस मारही लागलेला नसे. त्या काळी हाडाच्या आत पाहण्याचे साधन नव्हते. क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागला, आणि त्यानंतर दोनच वर्षांत उलगडा झाला, की या शिपायांच्या पावलांची हाडे चिरलेली असत. पडल्यावाचून, मारावाचून, केवळ चालून चालून हाड मोडू शकते, ही गोष्ट तेव्हा जगास कळली.

हे असे का व्हावे? हाड म्हणजे दगड नव्हे, ते जिवंत असते. त्यावर नवा भार पडू लागला की शरीर त्या हाडाची डागडुजी आरंभते. आमचे बालपण कोकणात गेले. तेथे पावसाळ्यापूर्वी घर शाकारतात. शाकारताना जुनी कौले आधी उतरवावी लागतात, आणि मगच नवी बसविता येतात. मधल्या दिवसांत छप्पर उघडे असते, आणि नेमका त्याच वेळी वळवाचा पाऊस कोसळला तर सारे घर भिजते. हाडाचेही असेच आहे. जुना झिजलेला भाग पोखरून काढण्याचे काम दोन-तीन आठवड्यांत उरकते. परंतु त्या जागी नवे पक्के हाड भरण्यास सुमारे तीन महिने लागतात. अर्थात व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत हाड पूर्वीपेक्षा किंचित दुबळे असते. आणि मुले आपल्या धावण्याचे अंतर दुप्पट-चौपट करतात तीही नेमकी याच दिवसांत.

ती तसे का करतात, याचे कारणही शरीरातच आहे. हृदय, फुप्फुसे आणि स्नायू ही लवकर तयार होतात. दोन-तीन आठवडे धावले की दम लागेनासा होतो, पाय हलके वाटतात, उत्साह वाढतो. मुलास वाटते, आपण तयार झालो. वस्तुतः तयार झालेला असतो तो दम. हाडे आणि स्नायूंस हाडांशी जोडणारे बंध अजून मागेच असतात. दम आठवड्यांनी येतो, हाड महिन्यांनी येते. या दोहोंमधील अंतरात बहुतेक दुखापती दबा धरून बसलेल्या असतात. हे एक वाक्य विद्यार्थ्यांनी ध्यानात धरले, तर या लेखाचे अर्धेअधिक काम झाले असे आम्ही समजू.

यावरून पहिला नियम निघतो : भार हळूहळू वाढवावा. अनेक प्रशिक्षक असा ठोकताळा सांगतात, की एका आठवड्यातील एकूण धावणे मागील आठवड्याच्या दहाव्या हिश्श्याहून फारसे वाढवू नये. हा काही विज्ञानाचा अटळ सिद्धांत नव्हे. परंतु उतावळ्यास लगाम घालण्यास तो पुरेसा आहे. आठवड्यास दहा किलोमीटर धावणाऱ्याने पुढील आठवड्यास अकरा धावावे, वीस नव्हे. अंतर आणि वेग ही दोन्ही एकदम वाढवू नयेत. तीन आठवडे वाढवीत गेल्यावर चौथ्या आठवड्यात थोडे कमी करावे. आणि भरती केव्हा निघेल याची वाट न पाहता तयारी चार-सहा महिने आधी सुरू करावी. 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग' ही म्हण या बाबतीत अक्षरशः खरी ठरते. घाई करणाऱ्याच्या गुडघ्यास शेवटी पट्टी बांधावी लागते.

जी गोष्ट धावण्याची तीच जोर-बैठकांची. सुट्टीत एखाद्या दिवशी पैज लागते आणि सवय नसलेला मुलगा एकदम तीनशे-चारशे बैठका मारतो. दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात, एवढ्यावर भागले तर ठीक. परंतु कधी कधी अशा अतिरेकाने स्नायूंचे तंतू फार मोठ्या प्रमाणावर तुटतात, त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळतात आणि मूत्रपिंडांवर संकट येते. मांड्या कडक होऊन सुजल्या, असह्य दुखू लागल्या आणि लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला, तर तो 'व्यायामाचा परिणाम' म्हणून घरी बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अति तेथे माती हे पूर्वजांनी उगाच म्हटलेले नाही.

दुसरा नियम अंग तापविण्याचा. अंथरुणातून उठून थेट वेगाने धावत सुटणे हे गारठलेल्या यंत्रास एकदम पुऱ्या वेगाने फिरविण्यासारखे आहे. आधी पाच मिनिटे चालावे, मग मंद धावावे, मग गुडघे उंच उचलणे, टाचा मागे आपटणे, पुढे पाय टाकून वाकणे, अशा हालत्या क्रिया कराव्या. पुष्कळांची अशी समजूत असते, की एका जागी उभे राहून स्नायू ताणून धरले की दुखापत टळते. या समजुतीची परीक्षा झालेली आहे. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यातील १५३८ नव्या शिपायांचे दोन गट करण्यात आले. अंग दोन्ही गटांनी तापविले, परंतु एका गटाने व्यायामापूर्वी स्नायू ताणण्याची क्रियाही केली. बारा आठवड्यांच्या शिक्षणानंतर पाहिले, तो दोन्ही गटांतील दुखापतींत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. हा निष्कर्ष सन २००० मध्ये प्रसिद्ध झाला. नुसते ताणणे वाईट नव्हे. अंग लवचीक राहण्यास ते व्यायामानंतर अवश्य करावे. पण त्यावर भिस्त ठेवून बाकीचे नियम सोडू नयेत.

याउलट, तोल सांभाळणे, उडी मारून गुडघे न डगमगता जमिनीवर येणे, कंबर व पोट यांचे स्नायू बळकट करणे, या गोष्टींचा लाभ पुरता सिद्ध झालेला आहे. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने मुलामुलींसाठी सुमारे वीस मिनिटांचा असा एक व्यायामक्रम सिद्ध केला आहे. जे संघ तो आठवड्यातून निदान दोनदा नेमाने करतात, त्यांच्यातील दुखापती सुमारे एक तृतीयांशाने किंवा त्याहूनही अधिक कमी झाल्याचे पाहण्यात आले आहे. त्यास पैसा लागत नाही. एका पायावर अर्धा मिनिट स्थिर उभे राहणे, हे तर घरच्या ओसरीवरही करता येते. उडीवरून खाली येताना गुडघे एकमेकांकडे आत झुकू देऊ नयेत, ही सूचना मुलींनी विशेष लक्षात ठेवावी; कारण गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण उड्यांच्या व वळणांच्या खेळांत मुलींमध्ये अधिक आढळते. ही भीती बाळगून मुलींनी खेळ सोडावा असे मात्र नाही. त्यांनी हे व्यायाम अधिक नेमाने करावे एवढेच.

तिसरा नियम जागेचा व साधनांचा. या बाबतीत आपले जुने आखाडे किती शहाणे होते, ते पाहावे. कोल्हापूरकडील तालमींत हौद्यातील तांबडी माती नुसती पसरलेली नसते. ती खणून, चाळून मऊ करतात. तीत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस कालवितात. पडणाऱ्या मल्लास जमिनीने झेलावे, ही त्यामागील योजना. मल्लखांब ही तर आपल्या मराठी मातीची देणगी. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळी बाळंभटदादा देवधर यांनी तिचे पुनरुज्जीवन केले, आणि मध्यप्रदेशाने २०१३ साली मल्लखांबास राज्याचा खेळ म्हणून मान दिला. त्या खांबास एरंडेल चोळतात ते घर्षणाने कातडी सोलली जाऊ नये म्हणून. आणि फार चोळले तर हात सुटतो म्हणून ते बेताने चोळतात. खाली मऊ गादी असते आणि नवशिक्या वर चढला की जाणता माणूस खांबापाशी उभा राहतो. ज्या ठिकाणी गादी नाही आणि जाणता माणूस नाही, तेथे मल्लखांब, उलट्या उड्या वा मनोरे यांचा प्रयोग करू नये.

धावणाऱ्यांनीही हेच तत्त्व पाळावे. खड्डे व गिट्टी असलेल्या जागी अंधारात धावू नये. डांबरी रस्त्यापेक्षा सपाट मैदान किंवा मातीची वाट बरी. वाहनांचे भय नसते हाही लाभ. रस्त्यानेच जाणे भाग असल्यास समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, फिक्या रंगाचे कपडे घालून धावावे. बूट महाग असलेच पाहिजेत असे नाही. ते पायास नीट बसणारे, बोटांस जागा देणारे आणि तळ न झिजलेले असावे. आजवर अनवाणी धावणाऱ्याने भरतीच्या आदल्या दिवशी मित्राचे नवे बूट मागून आणू नयेत. नवे बूट अंगवळणी पडण्यास आठवडे लागतात. आमच्या कोकणात माडावर चढणारा पाडेली पायांत दोरीचा फास अडकवून सरसर चढतो. त्याचे चढणे सर्वांस दिसते. परंतु चढण्यापूर्वी तो ती दोरी दोन्ही हातांनी ओढून पाहतो, तिकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्या ओढून पाहण्यातच त्याचा प्राण असतो.

चौथा नियम विश्रांतीचा, आणि हा सर्वांत अधिक मोडला जातो. व्यायामाने शरीर बळकट होते असे आपण म्हणतो; खरे पाहता व्यायामाने ते थकते, आणि विश्रांतीत दुरुस्त होताना बळकट होते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांस रात्री आठ ते दहा तास झोप आवश्यक आहे. रात्री बारापर्यंत हातात मोबाईल आणि पहाटे चारला धावणे, ही बलोपासना नव्हे. आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण सुट्टीचा ठेवावा, आणि जोराच्या धावण्यानंतरचा दिवस हलका असावा. शेंगदाणे, डाळी, दूध-दही, भाकरी, पालेभाज्या, ज्यांस चालते त्यांस अंडी-मासळी, हा नित्याचा पोटभर आहारच हाडांस पुरेसा आहे. वजन घटविण्यासाठी उपाशी राहून धावणाऱ्यांची हाडे लवकर चिरतात, ही गोष्ट मुलींनी आणि वजनी गटांत खेळणाऱ्या मुलांनी विसरू नये.

विश्रांतीचे मोल किती, याचा दाखला खाशाबा जाधव यांच्या चरित्रात सापडतो. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडनजीकच्या गोळेश्वर गावचे हे मल्ल. १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले, आणि स्वतंत्र भारतास पहिले वैयक्तिक पदक लाभले. त्या स्पर्धेत जपानच्या शोहाची इशी यांच्याशी त्यांची कुस्ती लांबली, आणि ती संपताच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मामादबेयोव यांच्यापुढे उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती देण्याचा नियम होता. परंतु तो मागून घेण्यास भारताचा कोणी अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. पुढे गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्यांना १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची आशा सोडावी लागली. अर्ध्या तासाच्या विश्रांतीचे मोल एवढ्या थोर मल्लासही द्यावे लागते, तेथे आपली काय कथा!

आता वाढत्या वयाविषयी थोडे. दहा ते सोळा वर्षांच्या मुलांची हाडे टोकांशी वाढत असतात. तेथे हाड अजून कोवळे असते. या वयात उड्या व धावणे फार झाले की गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाशी, दुखरे टेंगूळ येते. १९०३ साली ऑसगुड व श्लाटर या दोन डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले. ते भयंकर नसते आणि वाढ पुरी झाली की बहुधा आपोआप शमते. मात्र तोपर्यंत दुखेल तितका व्यायाम कमी करावा लागतो. वजने उचलल्याने उंची खुंटते, असे घरोघर बोलले जाते. जाणत्याच्या देखरेखीखाली, हलक्या भाराने, योग्य रीतीने केलेल्या व्यायामाने तसे होत नाही. धोका असतो तो 'कोण अधिक उचलतो' या चुरशीत. आणि बारा महिने एकच खेळ खेळण्यापेक्षा ऋतुमानाप्रमाणे दोन-तीन खेळ खेळणारी मुले अधिक सुरक्षित राहतात.

पाचवा नियम उन्हाचा. आपल्या मुलखात वैशाख-ज्येष्ठात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. २०१४ च्या जूनमध्ये मुंबई पोलिसांच्या भरतीत पाच किलोमीटर धावताना कोसळून निदान चार तरुण प्राणास मुकले. त्यानंतर ते अंतर कमी करण्यात आले. २०२४ साली ऑगस्ट-सप्टेंबरात झारखंडातील शिपाई भरतीच्या दहा किलोमीटरच्या धावेच्या काळात दहाहून अधिक उमेदवार दगावले. ते सारे नोकरीच्या आशेने आलेले तरुण होते. घरी त्यांची कोणी तरी वाट पाहत होते. अशा प्रसंगी व्यवस्थेचे कर्तव्य मोठे आहे. परंतु आपल्या हाती जे आहे ते आपण करावे. उन्हाची सवय होण्यास शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस व्यायाम थोडा करीत वाढवीत न्यावा. सकाळी लवकर वा संध्याकाळी धावावे. तहान लागेल तसे पाणी प्यावे. ताप, जुलाब असता वा रात्रभर प्रवास करून आल्यावर धावू नये. दम वाढविणारी म्हणून विकली जाणारी औषधे व सुया यांस स्पर्शही करू नये.

धावता धावता कोणी बरळू लागला, झोकांड्या देऊ लागला किंवा बेशुद्ध पडला आणि अंग तापलेले असेल, तर तो उष्माघात समजावा. त्यास सावलीत नेऊन जादा कपडे काढावे, साऱ्या अंगावर गार पाणी सतत ओतावे, वारा घालावा, आणि त्याच वेळी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आधी गार करणे, मग नेणे, हा क्रम महत्त्वाचा. मिनिटामिनिटाने जीव वाचतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ज्याचा श्वास चालत नसेल त्याच्या छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात व जलद दाब देत राहावे. ही क्रिया प्रत्येक विद्यार्थ्याने शिकून घेणे इष्ट होय. आणखी एक गोष्ट : धावताना ज्यास छातीत दुखते, जो भोवळ येऊन पडतो, किंवा ज्याच्या घरी कोणी तरुणपणी अकस्मात मृत्यू पावलेले आहे, त्याने डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घेतल्याखेरीज पुन्हा धावू नये.

एवढी काळजी घेऊनही दुखापत व्हावयाची ती कधी होणारच. तेव्हा काय करावे? खेळ तत्काळ थांबवावा. दुखावलेला भाग उंच ठेवावा, लवचीक पट्टीने बेताने आवळावा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवल्यास वेदना कमी होते. पहिले दोन दिवस शेक देऊ नये, आणि कोणाकडूनही चोळून वा ओढून घेऊ नये. 'बसवून देतो' म्हणून मुरगळलेला पाय खेचल्याने चिरलेले हाड सरकल्याची उदाहरणे थोडी नाहीत. घोटा मुरगळल्यावर हाड मोडले की नाही, हे ओळखण्यास कॅनडातील ऑटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली सोपी कसोटी सांगितली. तिचा मथितार्थ असा : जखमीस स्वतःच्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावरच दाबले असता दुखत असेल, तर क्ष-किरणांचे चित्र काढून घ्यावे.

मुकाट्याने येणारी दुखापत ओळखण्याची खूण निराळी. व्यायामानंतर दोन्ही मांड्या किंवा पोटऱ्या सारख्या दुखणे, दोन-तीन दिवसांत ते निवळणे, हे स्वाभाविक आहे. परंतु वेदना एकाच पायात असेल, बोटाने दाखविता येईल अशा एका जागी हाडावर असेल, रोज वाढत असेल, रात्री झोपेतही जाणवत असेल, तर ती अंगाची कुरकुर नव्हे. तो इशारा होय. त्या मुलाने आम्हांस बोट ठेवून जी जागा दाखविली होती, ती हीच. त्याच दिवशी त्याने धावणे थांबविले असते, तर बहुधा काही आठवड्यांच्या विश्रांतीवर भागले असते.

बरे झाल्यावरही घाई नको. ज्यास एकदा दुखापत झाली, त्यास तीच दुखापत पुन्हा होण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. दुखऱ्या पायाची ताकद व लवचीकपणा चांगल्या पायाच्या बरोबरीस आला, त्या एका पायावर न दुखता लंगडी घालता आली, म्हणजे मगच पुन्हा मैदानावर जावे. विनेश फोगाट यांचा गुडघा २०१६ साली रिओच्या ऑलिम्पिकमध्ये कुस्ती चालू असता मोडला, आणि त्यांना मैदानातून उचलून न्यावे लागले. शस्त्रक्रिया, विश्रांती आणि धीम्या तयारीनंतर त्यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक जिंकले. दुखापत म्हणजे शेवट नव्हे; मात्र तिला तिचा वेळ द्यावा लागतो.

शेवटी पालकांस व आमच्या व्यवसायबंधूंस एक विनंती. मूल 'दुखते' म्हणाले की त्यास भित्रा ठरवू नये. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, हे दोन प्रश्न विचारावे. पाठीवर थाप मारण्यास क्षणही लागत नाही. त्या दोन प्रश्नांसही फारसा वेळ लागत नाही. आम्ही तो वेळ दिला नाही, आणि त्याचा पश्चात्ताप आम्हांस आजही आहे.

आमच्या मातृभाषेत, कोंकणीत, 'सवकास' असा एक गोड शब्द आहे. तुमच्या मराठीतील 'सावकाश'चेच ते भावंड. घरातून निघणाऱ्यास दारात उभे राहून "सवकास वच" म्हणतात. त्यात हळू जा आणि जपून जा, असे दोन्ही अर्थ येतात. तू जाऊ नको, असे त्यात कोणी म्हणत नाही.

तो आमचा विद्यार्थी आता पुन्हा धावतो. सहा महिने त्याने आधी चालणे, मग थोडे धावणे, मग अधिक, असा क्रम नेमाने पाळला. यंदाच्या भरतीची तो वाट पाहत आहे. परवा पहाटे आम्ही दारात उभे होतो. पूर्वी हा मेळ्याच्या सर्वांपुढे असे. त्या दिवशी तो मुद्दाम सर्वांच्या मागे धावत होता. एक लहान मुलगा लंगडत असलेला पाहून त्याने त्यास थांबविले, रस्त्याच्या कडेला बसविले, आणि स्वतः खाली वाकून विचारले, "कोठे दुखते? बोट ठेवून दाखव बरे."